आत्याची सहा पदं: गोधड्यांच्या खोलीपासून प्रकाशनापर्यंत

31 ऑक्टोबर 2025, शुक्रवार. कार्तिकी एकादशीच्या दोन दिवस आधी माझ्या आत्याची सहा पदं ऑनलाइन आली. जानेवारीत काम सुरू केलं तेव्हा मला गेन आणि व्हॉल्यूम यांतला फरकही ठाऊक नव्हता. मधल्या दहा महिन्यांत जे कळलं, जिथे अडले आणि जितका पैसा लागला, ते सगळं इथे लिहून ठेवते आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज नीट जपावा असं वाटणारे पुष्कळ असतात, पण 'डॉ', 'बफर', 'लफ्स' असले शब्द कानावर पडले की हात आखडतो. माझाही आखडला होता.

आत्या 76 वर्षांची आहे. इंदूरच्या एका मुलींच्या शाळेत तिने पस्तीस वर्षं संगीत शिकवलं. आता ती आमच्याकडे राजेंद्रनगरला राहते. तिच्या एका लांबट वहीत तिने स्वतः रचलेली 37 पदं आहेत, शब्द आणि खाली भातखंडे लिपीत स्वर: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राखाली टिंब. ही वही घराबाहेर कधी गेली नव्हती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने एक पद म्हटलं आणि चौघींनी ते मोबाइलवर टिपलं. रात्री मी ते ऐकलं आणि फार वाईट वाटलं. हळू म्हटलेला मुखडा मोठा होऊन आला होता, मागच्या कपबशांसकट. तारसप्तकातली जागा मात्र दाबलेली. फोन आवाजाची पातळी आपणहून कमीजास्त करतो हे मला नंतर कळलं. त्या रात्री एवढंच लक्षात आलं की तिने जे लहानमोठं केलं होतं, ते सगळं सपाट झालं आहे. पूर्वी ती काळी चारच्या पट्टीत गायची, आता काळी तीनवर उतरली आहे. थांबून चालणार नव्हतं.

25 जानेवारीला तिला शहरातल्या एका स्टुडिओत नेलं. तासाला ₹800, दोन तास घेतले. रेकॉर्डिस्टने तिच्या कानाला हेडफोन लावून क्लिक सुरू केला, म्हणजे ठरावीक वेगाने टकटक वाजणारा आवाज, आणि विचारलं, "आंटीजी, टेम्पो कितना रखूँ?" आत्या म्हणाली, "मध्यलय." त्याला आकडा हवा होता. दोन तासांत एकही टेक, म्हणजे एका खेपेचं रेकॉर्डिंग, मनासारखा झाला नाही. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मला घरी गायला जमेल गं. तिथे कुणी घड्याळ वाजवत नाही." मग घरीच करायचं ठरलं.

फेब्रुवारी खरेदीत गेला. मायक्रोफोनचा आवाज कॉम्प्युटरला समजेल अशा आकड्यांत बदलणारी पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. दोन इनपुटचा ₹13,200ला पडला. कंडेन्सर माइक ₹7,400, कान पूर्ण झाकणारे हेडफोन ₹5,600. स्टँड, माइकची एक्सएलआर केबल आणि पॉप फिल्टर, म्हणजे तोंडासमोर हवेचा धक्का अडवणारी जाळी, जेल रोडवर मिळून ₹2,300. एकूण ₹28,500. केबल दुकानातच लावून, हलवून बघा. आमची पहिली खरखरत होती, दुकानदाराने लगेच बदलून दिली. कंडेन्सर माइकला 48 व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, इंटरफेसवर त्याचं वेगळं बटण असतं. मला ते माहीत नव्हतं. पहिल्या संध्याकाळी तासभर माइक गप्प होता आणि मी तो बिघडला असं धरून बसले होते.

ज्यात रेकॉर्ड करायचं, कापायचं, मिसळायचं त्या सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात, बोलताना 'डॉ'. फुकट पर्याय आहेत: साध्या कामाला ऑडेसिटी पुरतं, मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच असतं. मी रीपर घेतलं, कारण ते 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचा परवाना 60 डॉलरला आहे. कार्डातून ₹5,200 गेले.

आता थोडं गणित. मी शाळेत गणितच शिकवते, त्यामुळे या भागाशी माझी लवकर गट्टी जमली. आवाज म्हणजे हवेच्या दाबातली सलग चढउतार, कॉम्प्युटरला मात्र सलग काही समजत नाही. तो सेकंदाला ठरावीक वेळा त्या लहरीची उंची मोजून लिहून ठेवतो. किती वेळा मोजायचं तो सॅम्पल रेट. सीडीचा 44,100. हा आकडा असा का? माणसाच्या कानाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंत, ऐकू येतं आणि कोणतीही कंपनं पकडायला त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावं लागतं. व्हिडिओसाठी 48,000 वापरतात. प्रत्येक मोजमाप किती बारीक पट्टीने घ्यायचं ती बिट डेप्थ. 16 बिटमध्ये 65,536 पायऱ्या असतात, 24 बिटमध्ये 1 कोटी 67 लाखांवर. आत्यासारखं कुजबुजीपासून तारसप्तकापर्यंत जाणारं गाणं असेल तर 24 बिटच ठेवा. त्यामुळे रेकॉर्डिंगची पातळी कमी ठेवली तरी हळू जागा खरबरीत होत नाहीत. फाइल मिनिटाला साधारण 8 एमबी होते, एवढंच.

पातळी कमी ठेवणं मला जड गेलं. मोठा आवाज म्हणजे चांगलं रेकॉर्डिंग अशी माझी समजूत होती. डिजिटलमध्ये वरचं टोक शून्य डेसिबल असतं आणि सगळे आकडे त्याच्या खाली, उणे मोजायचे. शून्याला धडकलं की लहरीचा माथा कापला जातो. त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि कापलेला माथा नंतर कशानेही परत आणता येत नाही. म्हणून मी आत्याला पदातली सगळ्यात वरची जागा आधी म्हणायला लावायचे आणि तिथे पातळी दाखवणारा काटा उणे 12च्या आसपास येईल एवढाच गेन ठेवायचे. गेन म्हणजे माइकचा आवाज आत किती घ्यायचा, तो इंटरफेसवर असतो. सॉफ्टवेअरमधला फेडर म्हणजे आत आलेला आवाज बाहेर किती ऐकवायचा. आत येतानाच फाटलेला आवाज फेडर खाली ओढून शिवला जात नाही. माझे पहिल्या पदाचे तीन टेक असेच गेले.

दुसरी अडचण आत्याने शोधली. हेडफोन घालून दोन ओळी म्हणून ती थांबली. "माझ्या मागून कुणीतरी गातंय." आवाज इंटरफेसमधून कॉम्प्युटरात जाऊन परत कानात यायला वेळ लागतो, त्याला लेटन्सी म्हणतात. कॉम्प्युटर ती मोजमापं एकेक न घेता गठ्ठ्याने घेतो. तो गठ्ठा म्हणजे बफर. माझ्याकडे 1024 मोजमापांचा होता, म्हणजे जाताना 23 मिलिसेकंद आणि येताना जवळजवळ तेवढेच. आकडा क्षुल्लक वाटतो, पण समेची वाट बघणाऱ्या कानाला तो टोचतो. बफर 128 केल्यावर एका बाजूचा उशीर तीनेक मिलिसेकंदांवर आला. त्याहून सोपं म्हणजे इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण: आवाज कॉम्प्युटरात न शिरता थेट कानात येतो. नंतर मिक्स करताना बफर पुन्हा मोठा करायचा, नाहीतर कॉम्प्युटर अडखळतो.

खोलीवर खर्च करू नका. आमच्या मागच्या खोलीत मी टाळी वाजवून बघितली. कोपऱ्यात टाळीच्या मागे पत्र्यासारखा झणकार यायचा. कपाटांची दारं उघडी टाकली, कपडे आत तसेच. दोन दोऱ्यांवर आजीच्या वेळच्या चार गोधड्या टांगल्या, एक जमिनीवर. झणकार गेला. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला. मराठीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे भ, फ, ध, ठ पावलोपावली येतात. 'भरल्या घागरी'मधला भ थेट माइकवर आदळला की ढप्प असा हवेचा धक्का येतो. पॉप फिल्टरने तो अर्धा कमी होतो, बाजूला बसल्याने उरलेला.

वेळ शोधायला मात्र पंधरा दिवस गेले. सकाळी सात वाजता कचऱ्याची गाडी गाणं लावून येते, इंदूरकरांना ते पाठ आहे. दिवसभर वाहनं, संध्याकाळी आरत्या. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून मेमध्ये काही करता येणार नव्हतं. शेवटी पहाटे साडेचार ते सहा ठरलं. आत्या तशीही चारला उठतेच. 3 मार्चपासून आम्ही दोघी त्या गोधड्यांच्या खोलीत बसू लागलो. दार लावलं की बाहेरचं सगळं पुसलं जायचं, तिचा श्वास ऐकू यायचा. ते दिवस मला आयुष्यभर पुरतील.

लयीचा प्रश्न इथे सुटला. सॉफ्टवेअर टेम्पो मिनिटाला किती ठोके यात मोजतं आणि पडद्यावर उभ्या रेघांची जाळी आखतं, तिला ग्रिड म्हणतात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा म्हणजे चार-चारचे दोन बार, दादऱ्याला सहा, रूपकाला सात घालायचे. एवढं सगळं बसतं. पण आत्याची दोन पदं ओवीसारखी मोकळी सुरू होतात आणि ठेका नंतर लागतो. आमचं इंदूर उस्ताद अमीर खाँसाहेबांचं, विलंबित झुमरा तालात दोन मात्रांमधल्या जागेतही गाणं असतं हे ऐकून मोठं झालेलं. असल्या मोकळ्या सुरुवातीवर क्लिक लादायचा नाही. मी उलटा रस्ता धरला. तिला तानपुऱ्यावर मनासारखं गाऊ दिलं आणि नंतर तिच्या समा शोधून ग्रिडच तिच्या गाण्याला जुळवून घेतलं. त्याला टेम्पो मॅप म्हणतात. एका पदात मुखड्याला 84 निघाले आणि शेवटच्या अंतऱ्यानंतर 91. पदभर ही लय वाढत जाते आणि ती वाढायलाच हवी.

प्रत्येक पदाचे चार-पाच टेक घेतले. एखादीच ओळ बिघडली तर तेवढीच पुन्हा घेता येते, त्याला पंच-इन म्हणतात. वेगवेगळ्या टेकमधल्या चांगल्या ओळी निवडून एक सलग टेक बांधणं म्हणजे कॉम्पिंग. जोडकामात एक पथ्य पाळा: सांधा स्वरावर नको, श्वासाच्या आधी द्या आणि दोन्ही तुकडे एकमेकांत किंचित विरघळवा. त्याला क्रॉसफेड म्हणतात. तो नसेल तर टिक असा आवाज येतो.

श्वासावरून एक गोष्ट घडली. मला वाटलं, श्वासांचे आवाज काढले तर गाणं स्वच्छ होईल. पडद्यावर दोन ओळींमध्ये लहानशी धुरकट लहर दिसते, तो श्वास. पहिल्या पदातले 43 श्वास मी एका रविवारी बसून पुसले. संध्याकाळी ऐकलं तर ऐकताना मलाच दम लागला. माणूस दम न घेता गात राहिला की ऐकणाऱ्याची छाती भरून येते. आणि ती सम गाठण्याआधी जो आखूड श्वास घेते, त्यावरूनच सम येते आहे हे कळत होतं. सगळे परत आणले. जे फार मोठे होते तेवढे 6 डेसिबलने खाली केले. या सॉफ्टवेअरमध्ये कापलेलं काहीच मूळ फाइलमधून जात नाही, नुसतं झाकलं जातं, म्हणून परत आणता आले.

एप्रिलमध्ये तबला. आमच्या गल्लीतला एक मुलगा महाविद्यालयात शिकतो आणि तबला वाजवतो. त्याने आत्याचं रेकॉर्डिंग कानात ऐकत आपला तबला वेगळ्या ट्रॅकवर वाजवला, हे ओव्हरडब. आत्या शेजारी बसून हाताने ताल दाखवत होती. "अरे, इथे भर नको, मी श्वास घेते तिथे नुसता ठेका ठेव." तो म्हणाला, "आजी, पुन्हा वाजवतो," आणि पुन्हा वाजवला, प्रत्येक वेळी. सहा पदांचे ₹6,000 दिले. तो घेत नव्हता, आत्याने घ्यायला लावले. घरचा कलाकार असला तरी मानधन द्या आणि त्याच्याकडून दोन ओळींचं संमतिपत्र सहीनिशी घ्या. पुढे कागदपत्रांत ते लागतं.

त्याच महिन्यात भाचीकडून छोटा मिडी कीबोर्ड आणला. मिडी म्हणजे आवाज नव्हे, ही गोष्ट मला फार उशिरा समजली. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, केव्हा सोडली, एवढ्या सूचना त्यात असतात. 1983 साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून ही पद्धत आली. जोर 0 ते 127 मध्ये लिहिला जातो. मधला सा, म्हणजे पांढरी एक, 60 नंबर. मिडी म्हणजे भातखंडे लिपीतला कागदच: कागद वाजत नाही, तो बघून वाद्य वाजतं. त्याच सूचनांवर पेटी लावा की बासरी. मी एका पदाखाली सॉफ्टवेअरमधली बासरी घातली होती. आत्याने ऐकली आणि म्हणाली, "बासरीवाला श्वास कुठे घेतो?" बासरी काढली.

आता गांधार. चौथं पद भूपात आहे. स्वर दुरुस्त करायचं एक प्लगिन असतं. प्लगिन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं छोटं अवजार. मी हौसेने ते लावलं, तर पडद्यावर आत्याचा गांधार दर वेळी 14 सेंट खाली दिसत होता. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. वय झालंय, स्वर उतरत असेल, असं मनात आलं. सगळे गांधार पट्टीवर ओढून आणले आणि तिला काहीच न सांगता ऐकवलं. पहिल्याच आवर्तनात तिने हात वर केला. "हा माझा गांधार नाही. हा पेटीचा आहे."

त्या रात्री मी वहीत गणित मांडलं. काळी तीनचा तिचा सा 185 हर्ट्झ. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार साच्या सव्वापट असतो, म्हणजे 231.25. सप्तकाचे बारा सारखे भाग करून ट्यून केलेल्या वाद्याचा गांधार येतो 233.08. फरक दोन हर्ट्झच्याही आत, आणि तोच 14 सेंट. ती उतरत नव्हती. ती तानपुऱ्यात मिसळत होती आणि मी तिला तिथून बाहेर ओढून काढलं होतं. मी दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "कान तयार होतोय तुझा." तुम्ही रागावर आधारलेलं काही करत असाल तर हे प्लगिन बंद ठेवा, किंवा निदान ते आपोआप चालू देऊ नका. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्याला चूक वाटते.

याच पदाच्या शेवटच्या ओळीत मागे कोकिळा ओरडली आहे. एप्रिलची पहाट, तिला कोण अडवणार. दुसरा टेक स्वच्छ होता, पण गाणं या टेकमध्ये होतं. कोकिळा ठेवली.

मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र मिसळायला, जून लागला. इक्वलायझर म्हणजे कुठल्या कंपनांना वाढवायचं आणि कुठल्यांना कमी करायचं. आत्याचा मंद्र पंचमसुद्धा साधारण 139 हर्ट्झवर येतो, म्हणजे 90च्या खाली तिच्या आवाजात काहीच नाही, नुसती घरघर. तिथून खालचं सगळं हाय-पास फिल्टरने काढलं. तोच फिल्टर चुकून तबल्यालाही लागला आणि डग्ग्याचा घुमारा नाहीसा झाला. प्रत्येक वाद्याचं वेगळं बघा. कंप्रेसर म्हणजे आवाजाने एक उंबरठा ओलांडला की त्याला आवरणारं अवजार. तीनास एक प्रमाण ठेवलं तर उंबरठ्याच्या 9 डेसिबल वर गेलेला आवाज 3च वर राहतो. फार लावला तर संक्रांतीच्या मोबाइलसारखंच सपाट होतं, म्हणून काटा तीन-चार डेसिबलहून जास्त हलणार नाही एवढाच ठेवला. रिव्हर्ब म्हणजे खोलीचा भास. गोधड्यांमध्ये घेतलेला आवाज कोरडा असतो, त्याला लहान देवळाएवढी जागा दिली.

मास्टरिंग, म्हणजे सगळी पदं एका पातळीवर आणून शेवटचा हात फिरवणं, ते जाणत्या माणसाकडून करून घ्यायचं ठरवलं. पेनड्राइव्ह घेऊन 28 जूनला गेले. त्यांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "मैडम, इसमें तो गाना ही नहीं है।" मी फक्त प्रोजेक्ट फाइल नेली होती. तिच्यात कुठली फाइल कुठे आहे एवढी यादी असते, आवाज वेगळ्या फोल्डरमध्ये. पूर्ण फोल्डर न्या. किंवा प्रत्येक ट्रॅक एकाच आरंभापासून सुरू होणारी वेगळी वेव्ह फाइल करून न्या, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर ठेवलं की सगळं जुळतं. त्यांना स्टेम्स म्हणतात. ते माझ्यावर चिडले नाहीत, चहा दिला आणि आठवड्याने बोलावलं. यात 6 जुलैची आषाढी हुकली. आत्याची तीच इच्छा होती, त्यामुळे मला फार लागलं. पदाला ₹1,500 प्रमाणे ₹9,000 झाले.

तिथेच लफ्स समजलं. काटा किती वर गेला हे एक आणि कानाला गाणं एकूण किती मोठं वाटतं हे दुसरं. हे दुसरं लफ्समध्ये मोजतात. स्पॉटिफाय साधारणपणे उणे 14वर गाणी आणून ऐकवतं. माझं मिक्स उणे 23वर होतं. आम्ही उणे 16वर थांबलो आणि सगळ्यात उंच टोक उणे 1वर ठेवलं, कारण एमपीथ्रीसारख्या दाबलेल्या फाइलमध्ये टोकं किंचित वर जातात. घरी आणून हेडफोनवर, गाडीत आणि साध्या मोबाइलवर ऐकलं. मोबाइलवर तानपुऱ्याचा खर्ज ऐकूच येत नव्हता, म्हणून एकदा परत जाऊन वरचा झणकार थोडा वाढवून घेतला.

ऑगस्टमध्ये कागद. कॉपीराइट रचना झाल्याबरोबर असतोच, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर ती पुरावा म्हणून उपयोगी पडते, आणि शब्द व संगीत दोन्ही आत्याचं असल्याने आम्हाला करायचीच होती. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म 14 भरायचा. साहित्यकृतीला ₹500, संगीतकृतीला ₹500, ध्वनिमुद्रणाला ₹2,000, प्रत्येक कृतीचे वेगळे. पदांचे शब्द आम्ही एक हस्तलिखित म्हणून दिले, संगीताचे सहा अर्ज वहीतली स्वरलिपी स्कॅन करून जोडले. ₹3,500. ध्वनिमुद्रणाची नोंदणी सध्या सोडली. पैसे भरले की डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, येतो, मग कुणाची हरकत आहे का यासाठी 30 दिवस थांबावं लागतं आणि त्यानंतर तपासणी. अर्जदार म्हणून आत्याचंच नाव घाला असं माझं म्हणणं आहे. माझ्या नावाने केला असता तर तिचं ना-हरकत पत्र लागलं असतं, आणि रचना तिची आहे.

गाणी स्पॉटिफायसारख्या ऑनलाइन मंचांवर थेट देता येत नाहीत, मधला वितरक लागतो. वर्षाचे ₹1,900. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो, अल्बमला वेगळा बारकोड. वेगळा टेक प्रसिद्ध केला तर क्रमांकही नवा लागतो. आमचा अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा मुखपृष्ठावरून: 3000 गुणिले 3000 पिक्सेलचा चौकोन हवा, आणि आम्ही त्यावर फोन नंबर घातला होता, तो चालत नाही. दुसऱ्यांदा आत्याचं नाव मुखपृष्ठावर एका तऱ्हेने आणि अर्जात दुसऱ्या तऱ्हेने लिहिलं गेलं म्हणून. नावाचं एकच रूप ठरवून कागदावर लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच भरा. तानपुरा ॲपमधून घेतला असेल तर व्यावसायिक वापराला परवानगी आहे का तेही आधी बघा. मी घरातला खरा तानपुरा रेकॉर्ड करून घेतला, त्याला एक सकाळ लागली. प्रकाशनाची तारीख चार आठवडे पुढची द्या, परत येणं-जाणं त्यात मावतं.

सगळा हिशेब ₹55,700. त्यातले साडेअठ्ठावीस हजार सामानाचे, ते घरात आहे.

31 तारखेला पहाटे आत्याला फोनवर लावून दिलं. डोळे मिटून तिने सहाही पदं ऐकली, अठ्ठावीस मिनिटं. कोकिळेपाशी हसली. मग म्हणाली, "तिसऱ्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात मी समेवर घाईने आले. ते पुन्हा घेऊ." मी म्हटलं, आत्या, ते आता जगात गेलं. "असू दे. वहीत अजून एकतीस आहेत," ती म्हणाली आणि गोधड्या कुठे ठेवल्या आहेत ते विचारलं.